सगळी हायेत ना गो घरात?

मुरबाड
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय मीना,

अक्षर ओळखलंस का? शाळेत सिस्टर म्हणायच्या, काशीची अक्षरं प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलींसारखी, एकही वाकडी नाही. आता वाकू लागली आहेत. मीही गुडघ्यांवर हात ठेवूनच उठते. तू कशी आहेस? एकतीस वर्षांनी हे विचारायला मला लाज वाटते, तरी विचारते.

इकडे थंडी बरी आहे. बाबांच्या दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालं, पण मागची बोर अजून आहे. काल मूठभर बोरं वेचली आणि मिठाशिवायच खाल्ली. मीठ पळवून आणायचं काम नेहमी तुझं असे.

तुझा आसनगावचा पत्ता तुमच्या पाड्यावरच्या गोजरमावशींनी दिला. हो, मी पाड्यावर गेले होते. का गेले ते सांगते.

शुक्रवारी शहापूरच्या वाचनालयात मला बोलायला बोलावलं होतं. विषय भयकथेची भाषा. कॉलेजची तीसेक मुलं होती. जुन्या भयकथा माणसाला कशा घाबरवतात हे सांगताना मी म्हटलं, भुताचं नाव घेतलं की भीती निम्मी होते. नाव न घेता नेहमीचाच शब्द जरा चुकीच्या जागी ठेवावा. आणि उदाहरण म्हणून मी माझंच वाक्य फळ्यावर लिहिलं. माझ्या गाजलेल्या गोष्टीचा पहिला खर्डा:

'तानी दारात यायची आणि हसून विचारायची, सगळी हायेत ना गो घरात?'

मग मी एकेक शब्द पुसत गेले. 'तानी' हे तुझ्या आईचं नाव पुसून 'ती' लिहिलं. नाव असलेल्या बाईला हाक मारता येते, 'ती'ला नाही. 'यायची' पुसून 'उभी असायची' केलं. आलेला माणूस जातोही, पण उभा असलेला कधीपासून उभा आहे ते कळत नाही. शेवटी 'हसून' पुसलं. तिचा प्रश्न मात्र तसाच ठेवला.

'ती दारात उभी असायची आणि विचारायची, सगळी हायेत ना गो घरात?'

वर्ग गार झाला. मला फार बरं वाटलं, मीना. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. हर्षाली नाव तिचं. म्हणाली, "मॅडम, ही गोष्ट तुमची नाय. आमच्या पाड्याची हाय. ती बाई खरी होती."

मी हसले. "अगं, ती मी रचलेली आहे."

"नाय मॅडम. माझ्या आजीनं बघितलंय. ती इचारून गेली की घरातलं एक मानूस कमी व्हायचं. म्हनून आमच्यात कोनी भाईरून हाक मारली तर पयलं बोलायचं, कोन नाय घरात."

माझ्या हातातला खडू खाली पडला. कोणीतरी म्हणालं, "मॅडमच घाबरल्या!" सगळे हसले. आभाराचं भाषण झालं, नारळ मिळाला. त्यातलं काही मला धड आठवत नाही.

काल सकाळी एसटीने वैशाखऱ्याला उतरले आणि पुढे चालत गेले. तुमच्या घराच्या जागी नुसता चौथरा आहे, त्यावर कुणीतरी पेंढा रचलाय. शेजारच्या घरातून चुलीचा धूर येत होता. मी दाराशी जाऊन हाक मारली, "कोणी आहे का?"

आतून खणखणीत आवाज आला, "कोन नाय घरात!"

मग गोजरमावशी हात पुसत बाहेर आल्या आणि मला बघून हसल्या. "बस गो बाय. घाबरू नको, रीत हाय आमची. मी सोता बोलते नि सोताच नाय म्हनते! त्या मतं मागायला येतात ना, त्यांना पन हेच बोलतो. त्यांना तर खरंच वाटतं."

मी चहा घेतला. आणि मग त्यांना सांगितलं, की ती गोष्ट मी लिहिली. दिवाळी अंकात छापून आली तेव्हा कौतुकाने पाच अंक तुमच्या पाड्यावरच्या शाळेला मीच पाठवले. गुरुजींनी देवळाच्या ओट्यावर ती वाचून दाखवली होती, हे मला काल कळलं. आणि त्याच महिन्यात एका बाळंतपणात तानीमावशीच्या हातावर मूल मेलेलं जन्मलं, हेही.

गोजरमावशींनी कप खाली ठेवला. "तू रचलीस? मग तानी कशापायी इचारायची गो तसं?"

"हसून विचारायची, मावशी. सगळी सुखरूप आहेत ना, म्हणून."

मग त्या हळूच म्हणाल्या, "हां. हासायची गो ती. दात पडले तरी हासायची."

नंतर त्यांनी पुढचं सांगितलं. पण तुला ते ठाऊकच असणार. शेवटच्या वर्षी तानीमावशी नव्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन दारोदार गेली. सतरा घरं. प्रत्येक दारात तिने विचारलं, आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं. "मी पन बोलले," गोजरमावशी म्हणाल्या. "चुलीवर सुकटीचं कालवण व्हतं, वास भाईर जात व्हता, नि मी बोलले कोन नाय. ती भाकर उंबऱ्यावर ठेवून गेली. आमी कुत्र्याला घातली."

मी जन्मले तेव्हा बाबा कल्याणला अडकले होते. डॉक्टरच्या घरचं पोर तानीमावशीच्या हातावर आलं. काशी हे नावही तिनेच ठेवलं. बाबांनी आपल्या दोघींना एकाच दिवशी कॉन्व्हेंटात घातलं. सुट्टीत आपण घरी आलो की ती सगळ्यात आधी आमच्या दारात येऊन काय विचारायची?

इथवर मी असं लिहिलंय, जणू मला सगळं परवाच कळलं. तसं नाही.

तुझं पोस्टकार्ड. 'आईला कोणी बाळंतपणाला बोलवत नाही. तू एकदा ये आणि सांग की गोष्ट बनवलेली आहे.' दोनच ओळी होत्या. पुढे कुणाकडून तरी तू विचारलंस, तेव्हा मी कळवलं की कार्ड मिळालंच नाही. मिळालं होतं, मीना. त्याच आठवड्यात गोष्टीला बक्षीस जाहीर झालं होतं. वाचक विचारत होते, हे खरं घडलंय का? मी कुणालाही 'नाही' म्हटलं नाही. खरी वाटली तरच भीती टिकते, असं मी स्वतःला समजावलं. ते कार्ड अजून शाळेत बक्षीस मिळालेल्या माझ्या बायबलमध्ये आहे. मी ते फेकलंही नाही आणि उत्तरही दिलं नाही.

गोजरमावशी म्हणतात, पाड्यावर सगळ्यांसमोर, देवळाच्या ओट्यावर येऊन सांग. मी जाणार आहे. पण त्याआधी मला तुझ्या दारात यायचं आहे.

शनिवारी, पंचवीस तारखेला सकाळी मी आसनगावला येईन. बेल वाजवणार नाही. दारात येऊन तुझ्या आईचाच प्रश्न विचारीन, तिने विचारला असता तसा. मला हसू फुटेल की नाही, ठाऊक नाही. प्रयत्न करीन.

तू आतून "कोन नाय घरात" म्हणालीस तर मी बोरांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून परत जाईन. तेवढं म्हणायचा तुला हक्क आहे. फक्त ती बोरं तू खा.

तुझ्या आईच्या हातावर जन्मलेली,
काशी