बांगड्या भरणारे हात

२ नोव्हेंबर
सकाळी मूठ मिटेना. उजवं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलंय. दुकानाचं शटर ह्यांनीच वर केलं. कोपरांवरचे चट्टे, डोक्यातले पोपडे हे जुनंच. त्यापायी पूर्ण बाह्यांचे ड्रेस अंगवळणी पडलेत. पण बांगड्या भरणारीची बोटंच गेली तर...
दुपारी एक बाई आली. पहिलीच बांगडी चढवताना कळ आली, जोर जास्त झाला, बांगडी वाढली. बाईनं हात मागं घेतला.

६ नोव्हेंबर
लासुर्ण्याहून सुनंदा आली. शाळेपासूनची माझी. तिच्या पल्लवीचं लग्न पुढच्या महिन्यात.
"रजिया, चुडा तूच भरायचा. माझा तुझ्या अम्मानं भरलावता."
हो म्हणाले. हात ओढणीखाली होते.
ती गेल्यावर संध्याकाळभर अम्मा आठवत राहिली. डोक्यावर बांगड्यांची पेटी, मागं मी. उसाच्या बांधावर बायका खुरपी बाजूला ठेवून बसायच्या. अम्मा पंजा नुसता दाबायची आणि माप सांगायची. सासुरवाशिणी तिच्यापाशी रडून घ्यायच्या. हात तिच्या हातात असायचा म्हणून असेल. परतताना पदरात ज्वारी, गूळ, कधी पावट्याच्या शेंगा. वाटेत सुनंदाच्या घरी ताक. तिची आई मला सुनंदाच्याच ताटात जेवायला बसवायची.

१० नोव्हेंबर
बारामती. कातडीच्या डॉक्टरबाई. चट्टे दाखवायला गेले होते, त्यांनी आधी नखं बघितली. सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडलेत. विचारलं, सकाळी हात आखडतात का, टाच दुखते का. म्हटलं, तो वात आहे, त्याच्या गोळ्या इंदापूरला चालू आहेत.
"हा वात वेगळा नाही. सोरायसिसच सांध्यात उतरलाय."
इतकी वर्षं दोन दुखणी समजत होते.
कुणाला लागत नाही, हे मी न विचारताच सांगितलं त्यांनी. तिथं डोळे भरून आले.

१३ नोव्हेंबर
परत बारामती, सांध्यांचे डॉक्टर. एक्स-रे, रक्त. करंगळीचा सांधा झिजलाय, तो पहिल्यासारखा होईल असं सांगता येत नाही म्हणाले. बाकीची बोटं सांभाळायची. गोळी आठवड्यातून एकदाच. गुण यायला दोन-तीन महिने. लग्न त्याच्या आधी.
येताना एसटीत ह्यांनी विचारलं, सुनंदाला सांगायचं ना? मी खिडकीबाहेर बघत बसले. लासुर्णे आलं तेव्हा तेच उठले, पिशवी उचलली. उतरलो.
सुनंदाला बाही वर करून दाखवलं. तिनं चट्ट्यावर बोट ठेवलं.
"कधीपासनं हाय हे?"
थोरल्याच्या बाळंतपणापासून, म्हटलं.
"आन् मला आत्ता सांगतीस व्हय."
रागावली. उठून चहा टाकला. मग म्हणाली, "जमंल तेवढा भर. पन तूच भर."

५ डिसेंबर
चुडा झाला. आल्याबरोबर लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.
सकाळी बराच वेळ हात कोमट पाण्यात धरले होते. पल्लवी पाटावर बसणार, तेवढ्यात तिच्या आत्याची नजर माझ्या नखांवर गेली. सुनंदाला बाजूला घेऊन विचारलं, हे पोरीला लागणार तर न्हाय ना. मला ऐकू गेलं. पेटीचं झाकण लावायला घेतलं.
सुनंदा येऊन स्वतः पाटावर बसली, हात पुढं केला.
"आदी मला भर."
तिच्या चुड्याच्या दिवशी मी अम्माशेजारी बसून एकेक बांगडी देत होते. सुनंदा तेव्हा रडत होती आणि मी तिला हसवायला तोंडं करत होते. तोच हात. आता घट्टे पडलेले, हाडं वर आलेली. भरल्या.
मग पल्लवी. डावा हात पुरा भरला. उजव्याला निम्म्यावर बोटं अडली. हे बाहेर ओट्यावर होते, त्यांना हाक मारली. मी पंजा दाबून धरला, बांगड्या ह्यांनी सरकवल्या.
आत्या शेवटपर्यंत लांबच बसली. जेवताना वाढायला मात्र आली माझ्याकडं. काय समजायचं...

२८ डिसेंबर
रक्ताचा रिपोर्ट बरा. सूज थोडी उतरलीय, का मलाच तसं वाटतंय. करंगळी तशीच.
व्यापाऱ्याचा फोन आला होता, लग्नसराईच्या मालासाठी. म्हणाला, आता सगळे धातूच्या तयार बांगड्या ठेवतात, गिऱ्हाईक आपापलं घालतं, भरायला माणूस लागत नाही. ह्यांनी फोनवर हात धरून माझ्याकडं बघितलं.
मूठ मिटून बघितली. पुरी मिटली नाही.
काचेच्याच सांगा, मी म्हटलं.