नळाच्या आवाजाआड

मारतहळ्ळी, बंगळूर,
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. अवधूत,
आशीर्वाद.

तुझं हैदराबादचं काम ठीक झालं असेल. इकडे ऊन आत्ताच चटके देतंय, टँकर एक दिवसाआड येतो. माझे गुडघे बरे आहेत. फ्रिजमध्ये आमटी आहे, भात तेवढा लावून घे.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "आई, मीटिंग आहे." कागदाला मीटिंग नसते.

शमिका अडीच वर्षांची झाली तरी बोलत नाही, म्हणून त्या प्लेस्कूलवाल्या बाईंनी सांगितलं की घरात भाषा फार झाल्यात, एखादी कमी करा. तू लगेच केलीस. शाळेतली इंग्रजी राहिली, कार्टूनमधली हिंदी राहिली, लिफ्टमधली कन्नड राहिली, आपली मराठी तर राहिलीच. छाटलीस कोणती, तर जिने तिला जन्म दिला तिची, तिच्या फिलिपिन्सची. जेवायला बसलेल्या मारिसेलला म्हणालास, "तागालोगचा हिला इथे काय उपयोग?" अरे, आई लेकराशी उपयोगासाठी बोलते का? तुला मांडीवर घेऊन मी निपाणीच्या मराठीत बोलायचे, तेव्हा काय उपयोग मनात धरला होता?

मारिसेल नुसतं "सरी" म्हणाली, म्हणजे कन्नडमधलं "बरं". हा शब्द तिने खालच्या भाजीवाल्याकडून उचललाय, वाद नको असला की वापरते. तुला वाटलं, मिटलं.

गेल्या आठवड्यात शिवलीला भांडी घासता घासता कावली. "अक्का, वैनी रोज बाथरूमचा नळ सोडून बसायलेत बघा. टाकी रिकामी व्हायलीय. स्वल्प सांगा की त्यांना." मी दार वाजवायला गेले. आत बादली भरून वाहत होती आणि त्या आवाजाआड दोघी बोलत होत्या. दोघी, अवधूत. तुझी न बोलणारी मुलगी बोलत होती.

दार नुसतंच लोटलेलं होतं. मारिसेल नाकाला बोट लावायची, शमिका म्हणायची, "इलोङ." डोळ्याला "मता". पायाला "पाआ", दोन आंच्या मध्ये घशात बारीकशी अडवण घेऊन, अगदी चोख. दाताला "ङिपिन". इतकी वर्षं शाळेत मुळाक्षरं शिकवली मी, पण त्या ङवर पोरं हसायची आणि मीही त्याला पुढे ढकलायचे. ङने सुरू होणारा शब्द कधी कानावर पडला नव्हता. तुझ्या मुलीने तो इतका सहज म्हटला की मी दाराबाहेर उभी राहून रडले. कौतुकाने नाही, संतापाने.

मला बघून मारिसेल पांढरीफटक पडली. "सॉरी, आई पो." हा "पो" म्हणजे त्यांच्यातलं थोरामोठ्यांशी बोलायचं "अहो". स्वतःच्या मुलीला नाक-डोळे शिकवले म्हणून माझी सून माझी माफी मागत होती, आणि तीही अदबीने! माझ्या डोळ्यांदेखत!

मी म्हटलं, नळ बंद कर, बाहेर ये, हॉलमध्ये बसून खुशाल बोला. बसल्या दोघी सोफ्यावर. मारिसेलने खूप विचारलं, लाडीगोडी लावली. शमिकाचे ओठ घट्ट मिटलेले. मग ती सोफ्यावरून उतरली, बाथरूममध्ये गेली, बादलीवरचा नळ सोडला आणि तिथून हाक मारली, "नानाय, तूबिग." आई, पाणी. पोरीला तहान लागली होती.

कळतंय का तुला? तुझ्या मुलीला बोलता येतं. आईशी चोरून बोलायचं असतं, हे तिला तू शिकवलंस. तिच्या तोंडातली भाषा गेली नाही, नुसती भीती आली.

रविवारी तू घरी होतास, म्हटलं शांतपणे सांगावं. तेवढ्यात बातांगासहून मारिसेलच्या आईचा फोन आला. विहीणबाई "शमिका, शमिका" करत होत्या आणि तू तो फोन बायकोच्या हातातून ओढून बंद केलास. इतका राग मला तुझा आजवर आला नव्हता. वर मला म्हणालास, "आई, तू यात पडू नकोस."

पडले.

घर एवढं गप्प का, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. आम्ही तिघी आज दुपारच्या विमानाने मनिलाला निघालोय, तिथून पुढे बातांगास. तिकिटं मी काढली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिला तू जाऊ दिलं नाहीस, इथली हॉस्पिटलं चांगली म्हणालास. ते राहिलेलं माहेरपण आता होऊ दे. विहीणबाईंना नात बघायचीय, आणि मला ती मोकळ्या हॉलमध्ये, मोठ्याने बोललेली ऐकायचीय.

परत कधी यायचं ते मारिसेल ठरवेल. चल म्हणून मी तिला गळ घालणार नाही. तुला यायचं असेल तर ये. पण शमिका काय बोलते ते मी तुला मराठीत सांगणार नाही. बायकोसमोर बस आणि नाक-डोळ्यांपासून शीक. ती शिकवेल. ती तुझ्याहून मोठ्या मनाची आहे.

पत्राखाली "तुझी आई" लिहायला घेतलं होतं. हात चालत नाही.

शमिकाची आजी,
सुचेता