टोपण दातांनी काढलंस

चि. सिद्धेश,
आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

बुधवार, ११ मार्च २०२६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तुझ्या चँडलर गावातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी तापानं कुडकुडत होते आणि तू डॉक्टरीणबाईंना सांगितलंस, "आय स्क्रब इट एव्हरी टाइम. मॉम कीप्स टचिंग इट." म्हातारी झोपली आहे असं वाटलं होय रे? शाळेत ज्या नन्सनी मला इंग्रजी शिकवलं, त्यांनी खोटं ओळखायलाही शिकवलं.

माझ्या दंडातून शिरेत औषध सोडायच्या नळीला मी बोट लावलेलं नाही. गेल्या रविवारी ती नळी धुवायच्या सलाइनच्या सिरिंजचं टोपण तू दातांनी काढलंस, कारण दुसऱ्या हातात फोन होता. नळीचं तोंड स्पिरिटनं पुसलंच नाहीस. मी म्हटलं, "अरे, आधी घासून पूस, वाळू दे." तर म्हणे, "आई, चिल यार! तू काय नर्स आहेस?" कंपनीत चिपवर धुळीचा कण पडू नये म्हणून नखशिखांत पांढरा सूट चढवतोस ना?

नळीतून रक्तात गेलेल्या जंतूंबद्दल मी माफ केलं असतं. पण डॉक्टरीणबाई मला "डोंट टच इट, स्वीटी" म्हणून समजावत होत्या आणि तू मान डोलावत होतास.

जुनी नळी काढली, येत्या सोमवारी नवी बसेल. ती धुवायला नर्सकडून मी स्वतः शिकणार आहे. हे पत्र पर्समध्येच राहील, कारण घरी न्यायला शेवटी तूच येणार. तरीही डॉक्टरीणबाईंना खरं सांगितल्याचं तुझ्या सहीचं लेखी उत्तर मला रविवारी संध्याकाळी सहाच्या आत हवं.

तुझी, अजून तरी,
आई