एकेचाळिसावी वाकळ

कोल्हापूर,
शुक्रवार, ता. ११ डिसेंबर १९५३

प्रिय चन्नम्मा,

वाकळा कागलच्या बोर्डिंगात पोहोचल्या आणि पोरं त्या पांघरून झोपू लागली, असं गेल्या आठवड्यातच रुद्रय्यांनी दुकानात येऊन सांगितलं. त्यांच्याच गुळाच्या ट्रकमधून गेल्या, तेव्हा बातमी पक्की. चूक एवढीच झाली की आम्ही शिवल्या चाळीस आणि गेल्या एकेचाळीस. ती एकेचाळिसावी तुझी होती. तू शिवायला घेतलेली आणि अर्ध्यावर राहिलेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको. ती परत आणायची की तिथंच राहू द्यायची, हे तूच ठरवायचं आहेस. पण त्याआधी हे कसं झालं ते ऐक.

तू निपाणीला माहेरी गेलीस तेव्हापासून मशीनखालच्या चिंध्या उचलायला कुणी नव्हतं. तू दिवेलागणीच्या आधी खाली बसून त्या वेचायचीस, छिटाच्या एकीकडे, मांजरपाटाच्या एकीकडे. मी नुसत्या पोत्यात कोंबत गेलो. दसरा-दिवाळीत पोती पाच झाली. पाय ठेवायला जागा उरली नाही, तरी टाकवेनात. मग एक दिवस शेजारच्या चिमणाबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "टेलरमास्तर, ह्या चिंध्या काय उंदरं पाळायला ठेवल्यात व्हय?" त्यांची बहीण शालूबाई कागलच्या त्या बोर्डिंगात स्वयंपाकाला आहे. आईबाप नसलेली चाळीस पोरं, खाली तरट आणि दोघांत एक घोंगडं. चिमणाबाईंनी पोती तिथंच ओसरीवर रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका दुपारच्या जेवणानंतर आपल्याकडे बसू लागल्या. कुणी जुनं लुगडं आणलं, कुणी धोतर. दोरा माझा.

मला वाटलं, मशीनवर चार दिवसांत फडशा पाडू. दोन सुया मोडल्या. चिमणाबाई हसून म्हणाल्या, "मास्तर, वाकळ पळवून हुत न्हाय. बसून हुतीया." तेव्हा मी, पंचवीस वर्षं मशीन मारलेला माणूस, बायकांच्या रांगेत बसून हाताचा धावदोरा शिकलो. माझा टाका नागमोडी जातो. त्यावरून रोज थट्टा होते. "मास्तर दोरा सोडत्यात का नांगूर धरत्यात?" असं एकीनं विचारलं. मीही हसतो. खरं सांगायचं तर हसायचाही कंटाळा येतो. डोळ्यांतून पाणी गळतं, पाठ धरते. शाळेचे गणवेश झाले, लग्नसराईचे कपडे कापून पडलेत, हात उचलवत नाही. पूर्वी याच्या दुप्पट काम उरकून मी तुला अंबाबाईला घेऊन जात होतो. तेव्हा हा थकवा कामाचा नव्हे, एवढं मलाही कळतं.

शेवटी शेवटी जुनी लुगडी कमी पडली. मी माळ्यावरून तुझ्या हिरव्या इरकली लुगड्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि न सोडताच ओसरीवर टाकलं. जुनेर असेल असं वाटलं. त्याच दिवशी मी हुपरीला एका लग्नघरची मापं घ्यायला गेलो आणि दोन दिवस तिथंच अडकलो. इकडे चिमणाबाईंनी गाठोडं सोडलं. आत ती लहानशी वाकळ, तांदळाएवढ्या टाक्यांची. त्यांना वाटलं, मी ती पुरी करायलाच दिली. सगळ्यांनी हात लावून दोन दिवसांत पुरी केली, फक्त एक कोपरा उघडा ठेवला. "जिनं सुरू केली तिनंच मिटवायची" हा चिमणाबाईंचा नेम. मला विचारावं म्हणून त्यांनी ती घडी करून बाजूला ठेवली होती. ट्रक आला तेव्हा गठ्ठे मी बांधले. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि चाळीस वाकळा मोजून बांधता आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चिमणाबाईंनी विचारलं, "धाकली कुटं हाय?" तेव्हा सगळं कळलं.

गेल्या सोमवारी दुकान बंद ठेवून मी ती आणायला कागलला गेलो. शालूबाईंनी ताना नावाच्या पोरीला हाक मारली. पाचेक वर्षांची असेल. सगळ्यांत लहान म्हणून सगळ्यांत लहान वाकळ तिला मिळालेली. भर दुपारी ती खांद्यावर घेऊन, टोक मातीत ओढत आली. निळा तुकडा मी ओळखला, तो तहसीलदारांच्या मुलीच्या परकराचा. पिवळा आपल्या पडद्याचा. उघड्या कोपऱ्यात तिनं चिंचोके भरले होते आणि एक फुटकी बांगडी. शालूबाई म्हणाल्या, "पावणं, न्यायची तर न्या. पर तुमी सोता काढून घ्या. मला न्हाय जमायचं." मी कोपरा हातात धरून उभा राहिलो. पोरगी रडली नाही की मागं सरली नाही. तिनं वर बघून विचारलं, "ह्यो खिसा कुनी ठेवला?" मी म्हटलं, जिनं वाकळ शिवली तिनं. ती म्हणाली, "तिला सांगा, जरा मोठा पायजे हुता." मी रिकाम्या हातानं परत आलो.

एवढं सांगायला कार्ड पुरलं असतं. पाकीट घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं, नावही ठेवायचं राहिलं. त्यानंतर एका सकाळी तू दुकानाच्या दारात येऊन मला विचारलंस, "मी आधीच शिवायला घेतली म्हणून का हो?" मूल जन्मायच्या आधी त्याचं काही शिवू नये, असं अव्वा सासूच्या नात्यानं तुला दोनदा म्हणाली होती, आणि ते हसण्यावारी नेऊन चिंध्या मीच तुझ्या ओटीत टाकल्या होत्या. तू विचारलंस तेव्हा मशीनवर एका शाळकरी सदऱ्याची कॉलर होती. मी मान वर केली नाही. पाय चालवत राहिलो. तू थोडा वेळ थांबलीस आणि आत गेलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्या गप्प बसण्याचा तू काय अर्थ घेतलास ते मला तेव्हाच कळलं होतं, तरी फाल्गुनात तुझा भाऊ न्यायला आला तेव्हाही मी बोललो नाही. बाळाचा श्वास पोटातूनच अपुरा होता, कुणाच्या हातात काही नव्हतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते अव्वाला सांगितलं. तुला सांगायचं धैर्य झालं नाही, कारण तुझ्यासमोर त्याचं नाव काढलं की मलाच रडू येईल अशी भीती होती. वाकळीनं काही झालं नाही, चन्नम्मा. तुझ्यानं काही झालं नाही. हे उत्तर त्या सकाळी द्यायला हवं होतं. आज देतोय.

पुढच्या रविवारी, ता. २० ला, निपाणीहून निघणारी सकाळची गाडी दहाच्या सुमारास कागलला थांबते. मी स्टँडवर असेन. वाकळ तुला परत हवी असेल तर तानासाठी मी शिवलेली दुसरी सोबत आणतो. नागमोडी आहे, पण उबेला कमी नाही. आणि तिथंच राहू द्यायची ठरवलीस तर कोपरा तुझ्या हातानं मिटव. उपाशी वाकळ ऊब देत नाही, मिटवताना तिच्या पोटात चार जोंधळे घालावेत, असं तुझी आई म्हणते ना, ते मी घरून बांधून घेईन. गाडीतून तू उतरली नाहीस तर मी एकटाच बोर्डिंगात जाईन आणि कोपऱ्याला हात न लावता परत येईन. खिसा ठेवणारी बाई कदाचित येईल, असं शालूबाईंनी तानाला सांगून ठेवलंय. काल रुद्रय्या म्हणाले, पोरीनं चिंचोके काढून फडक्यात बांधलेत, पण तिची एक अट आहे: बाई कोपरा शिवणार असेल तर जोंधळ्यांबरोबर तिचेही चार चिंचोके आत राहायला हवेत.

कागलच्या स्टँडवर सुईदोरा घेऊन उभा असेल तो, तुझाच,
नागाप्पा