दिवे काढणार नाही

देगलूर, २७ जानेवारी २०२५

चि. अंबिकास गुरम्माआत्याचे पोटभर आशीर्वाद.

कान गेले तसा फोन माझ्या कामाचा न्हाई, म्हणून लिहून राहिले. तुझे अप्पा लई तापलेत. म्हणतात, पोरगी लातुरात तारांचं जंजाळ जोडून घुंई-घुंई करते अन् त्याला वाजवणं म्हणते. नऊ तारखेला उदगीरचे पाहुणे तुला बघायला येणार, अन् त्याच दिवशी तुझा कार्यक्रम! तो डबा विकून घरी ये, असा हुकूम हाय. मी नुसती निरोप्या. तुझं वाजवणं ऐकायचं मात्र राहिलं बघ.

थंडीत डोकं झाकून फिर. माया हायच.
गुरम्मा

लातूर, २ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

अप्पांना सांग, डबा विकणार नाही आणि नऊ तारखेला येणारही नाही. तो सिंथेसायझर मी स्वतः एकेक भाग सोल्डरचा डाग देऊन जोडलाय. पाहुण्यांना काही दाखवायचंच असेल तर तो दाखवीन.

तुला दिसावं म्हणून सुरांना दिवे लावले होते. पण दिवा सुराच्याच तारेतून वीज ओढायचा आणि सूर खाली घसरायचा. सोबत वाजवणारा अमरनाथ म्हणाला, दिवे काढ, संगीत कानानं ऐकायचं असतं. मी म्हटलं, माझ्या आत्याचं काय? दिवे काढणार नाही.

मग प्रत्येक दिव्यामागं ट्रान्झिस्टर बसवला. सुराची तार मोठ्या रेझिस्टरमधून त्याला नुसता इशारा देते. दिव्याची वीज येते सरळ पॉवर सप्लायमधून. आधी ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागले, दोन जळाले. आता सूर जागचा हलत नाही. सुराची लाट वर गेली की हिरवा, खाली गेली की तांबडा.

तू यायचंच. स्टँडवर उभी राहते.
तुझीच हट्टी अंबिका

देगलूर, ११ फेब्रुवारी

चि. अंबिकास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. नऊ तारखेला मी तुझ्याकडं निघाले, तर पाहुण्यांचा चहा कोण करणार म्हणून तुझे अप्पा दारात आडवे झाले होते. मी म्हटलं, दूध चुलीवर हाय, तुम्हीच करा, अन् निघाले.

आज त्यांनी पाटीवर लिहून इचारलं, बहिऱ्या बाईला तिथं काय कळलं? मी सांगितलं, हिरवा चढत गेला तसे माझे पाय हलाया लागले. तांबडा हळूहळू मंद झाला, तवा मी पुढं वाकले. शेजारची बाई खुणेनं मला काही सांगाया लागली, तवर माझ्या टाळ्या सुरू झालत्या. गाणं संपलं, हे मला कुणी सांगावं लागलं न्हाई.

तुझे अप्पा अजून रुसलेत. रुसू दे.

लोभ हाय तो वाढव.
गुरम्मा