एकोणीस सह्यांची गोधडी

अल मलाझ, रियाध
ता. १७ जानेवारी २०२५

ती. अक्का हिस,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं की तू आधी चष्मा शोधशील. तो कपाळावर आहे. मी इकडे खुशाल. तुझे कान गेल्यापासून फोनवर आपण नुसते एकमेकांना हात हलवून दाखवतो, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. यापुढे मी पत्राचा फोटो काढून अनिताच्या मोबाईलवर धाडीन, तूही तसंच कर. सून तुझी हुशार आहे.

हे पत्र मात्र तौकीरभाईच्या हाती देतोय, कारण सोबत एक बोचकं आहे. तौकीरभाई आमच्या क्लबची बस चालवतो, जयगडचा आहे. मुलीच्या, निदाच्या लग्नासाठी तीन महिने सुट्टीवर येतोय. बोचक्यात अकरा जर्स्या आहेत, म्हणजे फुटबॉल खेळताना घालतात ते सदरे. आमच्या संघातल्या हानेस ओल्डेकॉप नावाच्या जर्मन खेळाडूच्या.

हा गडी छत्तीस वर्षांचा. समुद्राकाठच्या लहान गावातला, बाप होड्या दुरुस्त करायचा. सतराव्या वर्षी गोल मारायला म्हणून पुढे खेळू लागला. मग डाव्या बाजूचा कोणी जायबंदी झाला, याला तिकडे टाकला. मग बचावात, मग मधल्या फळीत. ऑस्ट्रिया, हॉलंड, ग्रीस करत सात क्लब फिरला. एकदा गोलकीपरला पंचांनी बाहेर काढलं आणि बदली माणसं संपली होती, तर बारा मिनिटं हा हातमोजे घालून गोलात उभा राहिला. देशाच्या संघाचं बोलावणं एकदाच आलं, तेव्हा बाकावर बसून परत आला. इथे लोक म्हणतात, याची नक्की जागा कोणती तेच कळत नाही. मला आपले भाऊ आठवले. होडी, खानावळ, वायरिंग, शिलाई असं सगळं करून मी इकडे निघालो तेव्हा म्हणाले होते, एक ना धड, भाराभर चिंध्या.

क्लबचे कपडे धुऊन झाले की ज्या टेबलावर इस्त्री करतो, त्यावर मी तुझी जुनी गोधडी अंथरतो. ती त्याने पाहिली, उलटीपालटी केली आणि टाके मोजत बसला. मे महिन्यात शेवटची मॅच खेळून तो घरी जाणार. त्याआधी या जर्स्यांची अशीच एक हवी म्हणतो. मशीनवर मी करून दिली असती, पण त्याला हातचीच हवी आहे. पांढरी जर्सी सर्वांत जुनी, ती मधोमध घे असं त्याने दोनदा बजावलंय.

कळावे. लोभ आहे तो असाच ऊबदार ठेव.
तुझा,
दत्ताराम

वरवडे, जि. रत्नागिरी
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. दत्ताराम यास,
अ. उ. आ.

बोचकं पोचलं. तौकीरभाई चहा घेऊन गेले, निदाच्या लग्नाचं बोलावणं देऊन गेले. चष्मा कपाळावर नव्हता, गळ्यात होता. फार शहाणपणा करू नकोस.

तुला खरं सांगते, तीन वर्षांत मी सुई हातात धरली नव्हती. गोधडी काय एकटीने घालतात होय? चार बायका चार कोपऱ्यांना बसणार, गावाची उणीदुणी निघणार, टाका आपसूक पडत जाणार. ऐकूच येईना तर मी कशाला बसू? त्या हसायच्या आणि मी उगाच त्यांच्यामागून हसायची. म्हणून सोडून दिलं होतं. पण तुझ्या त्या माणसाचे सदरे अंगणात पसरले आणि हात शिवशिवायला लागले. त्याचं नाव माझ्या जिभेला वळत नाही, मी त्याला हणमंतराव म्हणते. चिंध्यांचं म्हणशील तर भाऊंना आईच्या गोधडीत झोपायला बरं आवडायचं.

आईची रीत तुला ठाऊक आहे. दुसऱ्याचा कपडा गोधडीत घालायचा तर आधी तीन पाण्यांतून काढायचा, नाहीतर त्याचं दुखणं त्यात राहतं. तशी रिठ्याच्या पाण्यात सगळे धुतले. मेले सुळसुळीत, सुईखालून पळतात, म्हणून आत माझी जुनी सुती लुगडी घालणार आहे. त्या पांढऱ्यावर कुणा पोरांनी काळ्या शाईचे नुसते फराटे ओढून ठेवले होते. लिंबू-मीठ झालं, ऊन झालं, जाईना. शेवटी अनिताने करोनातली सॅनिटायझरची अर्धी बाटली काढली. दोन दिवस घासला तेव्हा कुठे बगळ्यासारखा पांढरा झाला. हणमंतरावांना म्हणावं, इतका स्वच्छ तुमच्या आईनेही धुतला नसेल.

वेळेवर जेव. कळावे, आशीर्वाद आहेतच, ते कमी पडले तर मागून घे.
शेवंताअक्का

अल मलाझ, रियाध
ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रागावून लिहीत नाही, आधीच सांगतो. चूक माझी आहे, मी लिहायला हवं होतं. मला वाटलं, तू पाहशील आणि समजशील.

अक्का, ते फराटे नव्हते. त्या सह्या होत्या. हानेसचा पहिला क्लब, त्याच्याच गावचा. तो एकोणीस वर्षांचा असताना त्या क्लबाचं दिवाळं निघालं. शेवटच्या दिवशी त्याने ती जर्सी सगळ्यांपुढे फिरवली आणि एकोणीस जणांनी सही केली. त्यातले दोघे आता हयात नाहीत. सतरा वर्षं त्याने ती धुतली नव्हती.

त्याला अजून सांगितलेलं नाही. काल तो विचारून गेला की बहिणीचं काम कुठवर आलं. मी म्हटलं, चाललंय. आमचा मुकादम विजयकुमार म्हणतो, तोंड उघडू नकोस. खेळाडूची तक्रार गेली की ठेकेदार दुसऱ्या दिवशी एक्झिट लावतो, म्हणजे कायमचं घरी, आणि माझा इकामा, इथे राहायचा परवाना, एप्रिलमध्ये नवा व्हायचाय. गेल्या वर्षी एकाला एका घड्याळापायी घरी धाडलं. विजयकुमार म्हणतो, बोचकं विमानतळावर हरवलं म्हणून सांग आणि खलास. रात्रभर मी तेच घोकतोय. काय करू ते कळव.

लोभ असेलच, पण या वेळी थोडा जास्त लागेल.
दत्ताराम

वरवडे
ता. १३ फेब्रुवारी २०२५

चि. दत्ताराम यास,
अ. उ. आ.

सकाळी पत्र वाचलं. अनिता रडतेय, बाटली तिने काढली म्हणून. मी तो सदरा उन्हात धरून पाहिला, भिंगाखाली पाहिला. एक रेघ शिल्लक नाही. या हातांनी मी त्या माणसाची माणसं पुसून टाकली रे.

पण बोचकं हरवलं म्हणायचं नाही. बोचकं नेलं कुणी? तौकीरभाईंनी. मग हरवलं कुणी? ज्याच्या घरी लेकीचं लग्न आहे त्याच्या माथी हे मारून आपण त्याच लग्नात बिर्याणी खाणार का? आजच्या आज जा आणि खरं सांग. माझं नाव सांग, म्हातारी बहिरी आहे म्हणून सांग, हवा तर माझा फोटो दाखव. नोकरी गेली तर ये घरी. होडी आहे, वायरिंग येतं तुला, शिलाई येते. भाराभर चिंध्यांचा उपयोग नाहीतर कधी व्हायचा?

गोधडी अर्धी झाली होती. ती घडी करून फळीवर ठेवली आहे. आता सुई पुन्हा धरवेल असं वाटत नाही.

तुझी,
अक्का

अल मलाझ, रियाध
ता. १८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस,
कृ. सा. न. वि. वि.

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी, सराव संपल्यावर. माझं इंग्रजी कामापुरतं, म्हणून मोबाईलवर लिहून जर्मन करून घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं. बहीण लिंबू-मिठावरच थांबली असती तर, असंही लिहिलं होतं, ते मग खोडलं.

तो बुटाच्या नाड्या सोडत होता. वाचलं, नाड्या परत बांधल्या आणि मैदानावर निघून गेला. तिथे कोणी नव्हतं. मी खिडकीतून पाहत होतो. तो या गोलापासून त्या गोलापर्यंत नुसता चालत राहिला. पुढचे तीन दिवस माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बॅग भरून ठेवली होती.

काल दुपारी आला तो हातात कागद घेऊन. कागदावर पेन्सिलीने काढलेली जर्सी आणि तिच्यावर बारीक अक्षरात नावं. म्हणाला, त्या दिवशी मी बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जर्सी फिरवली होती. कोण कुठे बसायचा ते मला ठाऊक आहे, कारण मी प्रत्येकाच्या शेजारी खेळलोय. डोळे मिटून एकेक जागा सांगत होता. गोलकीपर कॉलरशी, बचावाचे चौघे छातीवर. अशी अठरा नावं त्याला आठवली, अक्का. नक्की जागा नसल्याचा असाही फायदा. एकोणिसावं मात्र काही केल्या आठवेना. डावीकडे अगदी खालच्या काठाला होतं, एवढंच सांगतो.

मग त्याने विचारलं की तुझी बहीण ही नावं दोऱ्याने काढील का. तिला तुमची लिपी येत नाही म्हटलं, तर म्हणाला, तिला येते त्या लिपीत काढू दे. आणि एकोणिसाव्या जागी तिने स्वतःचं नाव घालावं, ज्या हाताने धुतलं त्याच हाताचं. तक्रारीचा शब्दही नाही.

कागदाचा फोटो आणि नावं मराठीत लिहून सोबत धाडतोय. आता तू फळीवरची गोधडी खाली काढतेस की मी येऊन काढू?

लोभ वाढला तर चालेल, आटू नये.
दत्ताराम

वरवडे
ता. ६ एप्रिल २०२५

चि. दत्ताराम यास,
अ. उ. आ.

गोधडी आज पुरी झाली. तौकीरभाई वीस तारखेला निघतात, त्यांच्याकडे देते. निदाचं लग्न छान झालं. मी दोनदा बिर्याणी घेतली आणि मान वर करून घेतली.

अठरा नावं म्हणजे काय थोडी आहेत? एकटीने होईना. अनिताने वाडीतल्या बायकांना बोलावलं. शालन आली, पलीकडची फरहाना आली. चार कोपऱ्यांना चौघी बसलो. मी तुझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवायची आणि त्यांनी ऐकायचं, असा उलटा कारभार. मला ऐकू येत नाही, पण त्यांना येतं हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोलायचं असेल ते शालन नातवाच्या पाटीवर लिहिते, आणि पाटीवरची उणीदुणी तोंडच्यापेक्षा जास्त झणझणीत असतात. ते जर्मन गडी आता आमच्या वाडीतलेच झालेत. फरहाना रोज विचारते, आज कोणाची पाळी. तिच्या वाट्याला गोलकीपर आला, तर त्याच्या नावाला तिने दुहेरी टाका घातला, बिचाऱ्याला एकट्यालाच उभं राहावं लागतं म्हणून.

एकोणिसाव्या जागेचं मात्र जिवावर आलं. गोधडीवर घालणारीने नाव टाकायचं नसतं, ती अंगावर घेणाऱ्याची असते. आठ दिवस ती जागा कोरी ठेवली. मग वाटलं, त्या माणसाने मागितलंय, नाही कसं म्हणू? घातलं शेवटी. पण अगदी काठाशी, दुमडीच्या आत जाईल असं, पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. हात लावला तरच कळेल, धुणारीचं नाव कशाला दिसायला हवं? त्याला सांगितलं नाहीस तरी चालेल.

इकाम्याचं काय झालं ते कळव. कळावे, आणि जीव टांगणीला लावू नये.
शेवंताअक्का

अल मलाझ, रियाध
ता. १८ मे २०२५

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

इकामा नवा झाला, एक वर्षाचा. विजयकुमार आता सगळ्यांना सांगतो की खरं बोलायचा सल्ला त्यानेच दिला होता.

काल हानेसची शेवटची मॅच झाली. सुरुवातीला बचावात, मध्यंतरानंतर मधल्या फळीत, शेवटची दहा मिनिटं पुढे. एका मॅचमध्ये त्याने अख्खी कारकीर्द खेळून घेतली म्हण ना. दोन-एक जिंकलो. दुसरा गोल त्याच्या पासवर झाला. ज्याने मारला त्याला सगळ्यांनी उचललं, आणि हा मागे उभा राहून हसत होता.

गोधडी मी तोवर दिली नव्हती. सगळे गेल्यावर तो कपड्यांच्या खोलीत आला. मी ती इस्त्रीच्या टेबलावर उलगडली. हॉलंड, ग्रीस, ते हातमोज्यांच्या दिवसाचं पिवळं, सगळं त्याने हाताने चाचपलं. मधल्या पांढऱ्यावर आला तेव्हा वाचता येत नसूनही एकेक नाव बोट ठेवून बरोबर म्हणत गेला. अठरा झाली. मग बोट डावीकडे काठाशी गेलं, दुमडीच्या आत. तिथे काय आहे विचारलं. माझ्या बहिणीचं नाव, शेवंता, म्हणून सांगितलं. एवढं लपवून का घातलं विचारलं, तर म्हटलं, धुणारीचं नाव कशाला दिसायला हवं, असं तिला वाटतं.

अक्का, तो खाली बाकावर बसला आणि रडला. मीही रडलो. मग त्याने सांगितलं की त्याला आठवलं. एकोणिसावी सही खेळाडूची नव्हतीच, म्हणून बाकावर ती त्याला सापडत नव्हती. ती त्यांच्या क्लबाचे कपडे धुणाऱ्या गेर्डाबाईंची होती. त्या सही करायला तयारच नव्हत्या. खूप गळ घातली तेव्हा अगदी खालच्या काठाला केली, जर्सी चड्डीत खोचली की कोणाला दिसू नये अशी.

मी विचारलं, मग आता ते नाव उसवून गेर्डाबाईंचं घालून देऊ का, दहा मिनिटांचं काम आहे. त्याने गोधडी घडी करून छातीशी धरली आणि नको म्हणाला. धुणारीचं नाव ना, मग ते तिचंच आहे, म्हणाला.

कळावे. या वेळी लोभ मागत नाही, पुरून उरेल इतका आहे.
तुझा,
दत्ताराम