दक्षिण दाखवणारी गाडी कोणाची

मी, सूर्यकांत वासुदेव आजगावकर, वय त्रेसष्ट, मूळ सावंतवाडी, हल्ली अल बर्शा, दुबई, धंदा सुतारकाम व मॉडेल बनवणे, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाचा दबाव नाही. भीती आहे, ती वेगळी. परवा सोमवारी बायपास आहे. डॉक्टर 'रूटीन' म्हणतात. त्यांचं काय जातं.

१. सावंतवाडीचं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी सुहासिनी हिला. त्यात कोणी तोंड घालू नये.

२. पटाशा आणि करवती मुलगी आभा हिला. ती म्हणेल, "बाबा, व्हॉट विल आय डू विथ दीज?" तेल लावून ठेव, एवढंच. मोठा रंधा माझा मित्र सोमनाथ याने सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेला. आता तो त्याचाच. पण मी विसरलो होतो असं त्याने समजू नये.

३. दक्षिण दाखवणाऱ्या गाडीची गोष्ट मी जिच्यात लिहिली ती वहीही आभालाच. चिनी लोक पिवळ्या सम्राटाला आपला मूळपुरुष मानतात. त्याची लढाई जुंपली चियू नावाच्या टोळीप्रमुखाशी. चियूने धुकं पाडलं, सैन्य वाट चुकलं. तेव्हा सम्राटाने गाडी केली: कशीही वळवा, वरची बाहुली दक्षिणेलाच हात दाखवणार. चियू हरला, मारला गेला. तशी गाडी मी सागवानात केली. सुहासिनीने ती बाल्कनीत ठेवायला लावली. यमाच्या दिशेला बोट दाखवणारी बाहुली घरात नको म्हणे. या आठवड्यात मलाही तिच्याकडे बघवत नाही.

४. ती गाडी यांगला. अल क्वोजला माझ्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये तो लेथवर असतो. गाडीची पितळी दातेरी चाकं त्याने नुसत्या चहावर करून दिली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी मुलांना ही गोष्ट सांगितली. नरकासुर म्हणून आपण कारीट फोडतो. इथे कारीट कुठलं, म्हणून काकड्या आणल्या. मला नसती अक्कल सुचली. काकड्यांवर चियूचं शिंगांचं तोंड काढलं. पोरांनी टाचेखाली चिरडल्या, टाळ्या पडल्या. यांगला मीच आग्रहाने बोलावलं होतं. तो फराळाची ताटली तशीच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चियू हमारा दादा-परदादा है." यांग चीनमधल्या मियाओ जमातीतला, ते चियूला पूर्वज मानतात. मी म्हणालो, "अरे यार, कहानी है." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि त्याने गाडी नाकारली तर? घराची काळजी नाही, या एका कलमाने जीव खाल्लाय. आभाने गोष्ट खुशाल सांगावी, काकड्या आणू नयेत.

दुरुस्ती, आज सायंकाळी: एक साक्षीदार कमी पडला. कागदपत्रं करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधली सुमैय्या म्हणाली, "यल्ला अंकल, किसी को भी बुलाओ." मी यांगला फोन लावला. तो आला. कलम चार मी त्याला हिंदीत सांगितलं. सुमैय्याने मध्येच थांबवलं: साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही, गाडी किंवा सही. यांगने पेन मागितलं.

"मरे आदमी से नहीं लेगा," तो म्हणाला. "अस्पताल से आके अपने हाथ से दो."

सबब कलम चार रद्द. गाडी मी कोणालाही ठेवलेली नाही. ती पोचवायला मला उठावंच लागेल.

सही: सू. वा. आजगावकर
साक्षीदार: १. संजना केळुसकर, शेजारीण
२. यांग, लेथ कारागीर (सही चिनी लिपीत)
स्थळ: अल बर्शा, दुबई
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार